नावेतली ओटी

टक्कन किटलीचं बटण उडालं, आणि इतका वेळ आपण श्वास धरून उभ्या आहोत हे माझ्या लक्षात आलं.

फोन कानाला होता. पलीकडे श्रीकर, माझा नवरा.

"ऐकतेयस ना?" तो म्हणाला.

"हो."

"पहाटे साडेचारला. झोपेतच गेले. वैजूताईचा फोन आत्ता येऊन गेला."

चीनमधल्या हांगझोऊच्या त्या हॉटेलात आमची खोली सातव्या मजल्यावर होती. पाच वर्षांची जाई पांघरुणात पालथी झोपली होती. सासूबाई बाथरूमचं दार लावून वेणी घालत होत्या. आणि सांगलीत माझे सासरे, आमचे बापू, नव्हते.

"आईला सांगायचं नाही," श्रीकर म्हणाला. "घरी पोचेपर्यंत नाही. ताईचंही तेच म्हणणं आहे. मागच्याच वर्षी दोन स्टेंट बसवलेत तिला. परक्या देशात काही झालं तर कुणाकडे धावायचं?"

"मला नाही जमणार रे."

"फक्त तीन वाजेपर्यंत, मुक्ता. मी तिकिटं काढतो आणि तीनपर्यंत तिथे येतो. पुढचं मी बोलेन. तोवर तिला बाहेर फिरव. नेहमीसारखी राहा."

श्रीकर कंपनीच्या कामासाठी महिनाभर शांघायला होता. शेवटच्या आठवड्यात त्याने आम्हाला बोलावून घेतलं. बापूंचे गुडघे विमानात बसण्यातले राहिले नव्हते. "तुम्ही बघून या, मला फोनवर दाखवा," म्हणून त्यांनीच आम्हाला ढकललं होतं. श्रीकरच्या मीटिंगा होत्या, म्हणून आम्ही तिघीच दोन दिवसांसाठी या तळ्याच्या गावात आलो होतो.

बाथरूमचं दार उघडलं. मी फोन ठेवला.

"केलास चहा?" सासूबाई पदर नीट करत बाहेर आल्या. "आपलीच पूड घाल बाई. काल त्या चहाच्या मळ्यातल्या पोरीने पेल्यात चार पानं टाकून वरून गरम पाणी ओतलं. मी म्हटलं, हा चहा नव्हे, ही चहाची आंघोळ."

मी हसले. हसता आलं याचं मलाच नवल वाटलं.

"कुणाचा होता गं फोन?"

"श्रीकरचा. आज तीनला येतोय तो."

"उद्या येणार होता ना?"

"मीटिंग लवकर संपली."

पहिलं खोटं. बोलताना जीभ अडखळलीसुद्धा नाही. मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि टॉवेल तोंडात कोंबून रडून घेतलं. लग्नानंतर मला स्कूटर शिकवणारे बापू. जाईच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर अख्खा दिवस न जेवता बसलेले बापू. मागे काहीतरी हाललं. जाई दारात डोळे चोळत उभी होती.

"आई, तू रडतेस?"

"नाही गं. साबण गेला डोळ्यात."

ती थेट आजीकडे. "आजी, आईच्या डोळ्यात साबण गेला. दोन्ही डोळ्यांत!"

"दोन्ही? एकदमच?" सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग त्यांनी चिवड्याचा डबा उघडला.

नऊ वाजता आम्ही तळ्याकाठी होतो. तळं म्हणायचं एवढंच, पलीकडचा काठ दिसत नव्हता. धुक्यात एकामागे एक डोंगर उभे होते, आणि पाण्यातून गेलेल्या लांबलचक बांधावर दोन्ही बाजूंनी विलोच्या फांद्या पाण्याला टेकल्या होत्या. एका कौलारू मंडपाखाली साठीच्या दहा-बारा बाया स्पीकर लावून हातवारे करत नाचत होत्या. सासूबाई थांबल्या. एकीने त्यांना हाताला धरून ओळीत ओढलं. निऱ्या एका हातात धरून त्या तिच्यासारखे हात हलवायला लागल्या.

"बघतेस काय, फोटो काढ!" त्या मला ओरडल्या. "बापूंना दाखवू. म्हणतील, सांगलीत भोंडल्याला बोलावलं तर कंबर दुखते हिची!"

मी फोटो काढला. तो फोटो अजून आहे. त्यात त्या हसतायत, तोंड उघडं टाकून, हिरव्या बांगड्यांचे दोन्ही हात वर. तेव्हा सांगलीत बापूंना खाली घेऊन बर्फाच्या पेटीत ठेवलेलं होतं, हे श्रीकरने मला नंतर सांगितलं.

आमच्यात तिथे चालणारा फोन एकच, माझा. सासूबाईंच्या फोनवर तिकडे काहीच उघडत नव्हतं. त्यामुळे रोज साडेदहाला, म्हणजे घरी आठ वाजता, माझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल लागायचा आणि बापू कपात बिस्किट बुडवत चीन बघायचे. मी नऊपासून घड्याळ बघत होते. सासूबाईंना घड्याळही लागत नव्हतं.

"साडेदहा झाले असतील. लाव."

"रेंज नाहीये आई."

"काल तर याच झाडाखाली होती."

"आज नाहीये."

"असं कसं? दे बघू."

"तुम्हाला काय कळणार आहे त्यातलं?"

एवढ्या तोडून मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते. त्यांचा पुढे झालेला हात तसाच राहिला. मग त्यांनी तो हळूच जाईच्या डोक्यावर ठेवला, जणू तेवढ्यासाठीच पुढे केला होता.

"बरं," त्या म्हणाल्या. "बसले असतील तिकडे चहा गार करत. काल काय म्हणाले आठवतंय ना? 'एवढं मोठं तळं बघतेस, त्या पाण्याची ओटी भरलीस का? माझ्यातर्फे नमस्कार कर.' चला, नाव करू या. ओटीचं सामान आणलंय मी."

मला नाही म्हणायला कारण सापडेना. आणि खरं सांगायचं तर नाव मला बरी वाटली. पाण्यात असलं की रेंजचं कारण तरी पटेल.

वल्ह्यांची लहानशी नाव होती, वर कापडी छत. नावाडी पन्नाशीचा, वेताची टोपी घातलेला. तो एक वल्हं पायाने मारत होता, म्हणून जाई त्याच्या पायांकडेच बघत बसली. काठ लांब गेला. सासूबाईंनी पिशवीतून एकेक वस्तू काढून मांडीवर मांडली. खण, तांदळाची पुडी, खोबऱ्याची वाटी, सुपारी, हळकुंड आणि चांदीची कुयरी.

"आजी, हे काय करायचं?" जाईने विचारलं.

"परक्या गावचं मोठं पाणी दिसलं की त्याची ओटी भरायची. कृष्णामाईची भरतो ना आपण? तशी."

"पण ही नदी नाहीये."

"पाणी ते पाणी. तिलाही वाटलं पाहिजे ना, लांबून कुणी आपल्यासाठी काही घेऊन आलं." त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. काय मागतायत ते मला माहीत होतं. दर मंगळागौरीला, दर नवरात्रात त्या तेच मागायच्या, आणि मोठ्याने मागायच्या, बापूंना ऐकू जाईल असं. "आधी मी जावं, मग हे." मला वाटलं, आत्ता सांगावं. त्यांचा हात धरावा आणि सांगावं, मागू नका. पण पाणी चहूकडे होतं, काठ लांब होता, आणि त्यांच्या छातीत दोन स्टेंट होते.

सासूबाईंनी तांदळाची ओंजळ पाण्यावर धरली, तोच नावाड्याने हात हलवून काहीतरी म्हटलं. मग वल्हं थांबवून तो खिशातल्या फोनशी बोलला आणि फोन आमच्यापुढे धरला. फोनमधून बाईचा हिंदी आवाज आला, "कृपया झील में भोजन न फेंकें."

"भोजन?" सासूबाईंची ओंजळ तशीच. "ओटीला जेवण म्हणतोय का हा बाबा?"

मी हातवारे करून, कपाळ दाखवून, हात जोडून त्याला समजावत होते. तो लाजून हसला, पण मान हलवत राहिला. लांबवर जाळं घेऊन पानं वेचणारी एक सफाईची होडी होती, तिच्याकडे त्याने बोट केलं.

"नको गं त्याला त्रास," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्या गावची रीत. आपण पाहुणे." तांदूळ त्यांनी पुडीत परत भरले. तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांनी वर पाहिलं, आणि चेहरा उजळला.

"अगं, एवढं काय अडलंय! सवाष्ण समोर बसलीय की. पाण्याच्या वाटची तुझी भरते. पदर धर."

मी ड्रेसवर होते. ओढणीचा पदर केला. त्यांनी मला हळद लावली, कुंकू लावलं, ओटीत तांदूळ, खण, खोबरं, सुपारी सगळं घातलं. जाईने टाळ्या वाजवल्या. नावाड्यालाही काहीतरी शुभ चाललंय हे कळलं असावं, त्याने वल्हं पाण्याबाहेर धरून ठेवलं. नाव जागच्या जागी डुलत राहिली.

"आता तू मला लाव," सासूबाई म्हणाल्या आणि कुयरी माझ्यापुढे केली.

आमच्यात असंच असतं. एकीने लावलं की दुसरीने लावायचं. हात पुढे न करणं म्हणजे काय, ते सांगावं लागत नाही. कुयरीतल्या हळदीत मी बोट घातलं, हळद लावली. मग कुंकवाकडे नेलं. बोट पुढे जाईना.

"काय झालं?"

"कोरडं आहे. चिकटणार नाही."

मी हात बाहेर काढून बोट तळ्यात बुडवलं. पाणी गार होतं. सासूबाई कपाळ पुढे करून, डोळे मिटून बसल्या होत्या, लहान मुलगी पावडर लावून घ्यायला बसते तशा. मला एवढंच आठवतंय, की मी मनात श्रीकरचं नाव घेतलं नाही, देवाचंही नाही. बापूंना म्हटलं, मी काय करू? आणि लावलं. जोर लावून, जाड, नेहमीच्या दुप्पट.

"अगं, केवढं मोठं!" त्यांनी डोळे उघडले, हसल्या, आणि माझं मनगट धरलं. "हात का एवढा गार तुझा?"

"तळ्याचं पाणी."

तेवढ्यात माझ्या पर्समधला फोन वाजला.

एक रिंग. दोन. तीन.

"रेंज आली वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

स्क्रीनवर वैजूताई. माझी नणंद. उचलावाच लागला.

"मुक्ता," ती हुंदके देत होती, मागे बायकांचं रडणं. "श्रीकरचा फोन लागत नाहीये गं. गोदाआत्या विचारतेय, केव्हा पोचताय. किती वेळ ठेवायचं..."

"हो हो ताई," मी म्हणाले. स्वतःचाच आवाज मला कुणा दुसरीचा वाटला. "नावेत आहोत. आई मजेत आहेत. जाई पण. उद्या दुपारी."

"दे इकडे," सासूबाईंनी हात पुढे केला. "बापू आहेत का तिथे विचार."

"ताई, तुमचा आवाज येत नाहीये," मी मोठ्याने म्हणाले आणि फोन बंद केला. "गेली रेंज."

सासूबाईंनी हात मागे घेतला. पुढची वीस मिनिटं, काठ येईपर्यंत, त्या पाण्याकडे बघत राहिल्या. जाई एकटीच बडबडत होती. उतरताना नावाड्याने त्यांना हात दिला. त्यांनी त्याला वाकून नमस्कार केला, आणि मला काहीही विचारलं नाही. मला वाटलं, निभावलं.

तीनला श्रीकर आला. म्हणाला, बापूंचं बीपी खाली आलंय, दवाखान्यात ठेवलंय, आपण निघू या. सासूबाई "बरं" म्हणाल्या. विमानात त्या झोपल्या नाहीत. सकाळी मुंबईला उतरल्यावर त्यांनी ओल्या टिश्यूने तोंड पुसलं, गाल, मान, हनुवटी. कपाळ तेवढं सोडलं. कुंकू आता थोडं पसरलं होतं.

सांगलीत गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली. दारात चपलांचा ढीग.

"गाडी थांबव," सासूबाई म्हणाल्या. "श्रीकर, मला आधी सांग. आहेत का?"

श्रीकर पुढच्या सीटवर होता. तो मागे वळलाच नाही.

त्या स्वतः दार उघडून उतरल्या, स्वतः चालत आत गेल्या. हॉलमध्ये काचेच्या पेटीत बापू होते. दाढी वाढलेली. त्यांच्याजवळ त्या बसल्या, काचेवर हात ठेवला. रडल्या नाहीत. बायका वाट बघत होत्या. बापूंची थोरली बहीण, गोदाआत्या, पंचाहत्तरीच्या, स्वतः वीस वर्षांपासून कपाळ मोकळं असलेल्या, त्या ओलं फडकं घेऊन पुढे झाल्या.

"कुमुद, चल बाई. आधीच खूप वेळ झालाय."

सासूबाईंनी मान वळवली. गोदाआत्यांकडे नाही. माझ्याकडे.

"मुक्ता, तुला कधी कळलं?"

खोलीतलं रडणं थांबलं.

"काल सकाळी. तुम्ही वेणी घालत होतात."

"साबण."

"हो."

"म्हणजे नावेत तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू लावलंस."

"हो."

"आई, मीच तिला सांगितलं होतं—" श्रीकर.

"तू गप्प बस. तुला विचारलं नाही." मग गोदाआत्यांकडे बघून, अगदी शांत आवाजात, "वन्सं, थांबा. हे मी लावलेलं नाही. हिने लावलंय. ते गेल्यानंतर, ते गेलेत हे माहीत असताना. माझं असतं तर मी दिलं असतं पुसू. हे हिचं आहे. पुसायचं तर हिने पुसावं."

गोदाआत्यांनी फडकं माझ्या हातात दिलं.

तीसेक बायका होत्या तिथे. वैजूताई होती. जाई माझ्या कमरेला धरून. मी सासूबाईंसमोर गुडघ्यांवर बसले. इतक्या जवळून मी त्यांचे डोळे आधी एकदाच पाहिले होते, आदल्या दिवशी, आणि तेव्हा ते मिटलेले होते. आता ते उघडे होते आणि माझ्या हातावर होते. त्यांना काय हवं होतं? मी पुसून, सगळ्यांसमोर, खोटं बोलल्याची कबुली द्यावी हे? की मी पुसू नये हे? त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. फडक्यातलं पाणी माझ्या मांडीवर ठिबकत होतं.

"मी नाही पुसणार," मी म्हणाले.

"अगं, रीत आहे," गोदाआत्या.

"असेल. मी नाही पुसणार."

फडकं मी जमिनीवर ठेवलं. कुणीतरी मागे चुकचुकलं. सासूबाई परत काचेकडे वळल्या आणि मग पहिल्यांदा रडल्या. त्या तशाच, कपाळावर ते पसरलेलं कुंकू घेऊन, बापूंबरोबर दारापर्यंत चालत गेल्या. गल्लीत लोक बोलले. महिनाभर बोलत होते.

तेरा दिवस त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. चहा ठेव. जाईला दूध दे. चौदाव्या दिवशी आंघोळ करून त्या आरशापुढे बसल्या. मी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होते. त्यांनी कुंकू लावलं. पूर्वी लावायच्या तसं बारीक नाही, मोठं. लावून झाल्यावर आरशातून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाल्या, "आमटी कशाची करतेस?"

या गोष्टीला पाच वर्षं झाली. त्या रोज लावतात. माझ्या धाकट्याच्या वेळी त्यांनी चाळीस दिवस मला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिलं नाही, आजारी पडले तर उशाशी बसतात, सगळ्यांसमोर माझी बाजू घेतात. पण संक्रांतीला मी हळदी-कुंकू घेऊन त्यांच्यापुढे आले की माझ्या हातातून कुयरी घेतात आणि स्वतःचं स्वतः लावतात. त्या दिवसानंतर त्यांनी मला एकदाही लावू दिलेलं नाही. आणि त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी एक शब्दही बोललेलो नाही.

परवा दुपारी धाकट्याला मांडीवर थोपटत होते. सासूबाई गॅलरीत मेथी निवडत बसल्या होत्या. जाई शाळेतून आली, दप्तर टाकलं, आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, आजीला ऐकू जाऊ नये म्हणून.

"आई, शाळेत अन्वया म्हणाली, आजोबा नसले की आज्या कुंकू लावत नाहीत. तिची आजी नाही लावत." तिने गॅलरीकडे पाहिलं. "मग आपली आजी कुणासाठी लावते?"